रसायन त्वचेला बाधते का, हे ठरते कसे?

केसांच्या कलपापासून शेतातील फवारणीपर्यंत असंख्य रसायने रोज आपल्या त्वचेला लागतात. ती बाधतील की नाही, याचा निवाडा करणाऱ्या चाचण्यांचा आणि त्यांच्या मर्यादांचा परिचय.

केसांच्या कलपाचे खोके उघडले की आत घडी घातलेला एक कागद निघतो. बारीक अक्षरांत छापलेला हा कागद बहुतेकांच्या हातून न वाचताच केराच्या टोपलीत जातो. त्यावर एक सूचना असते : कानामागची किंवा हाताच्या आतल्या बाजूची थोडी त्वचा स्वच्छ धुवावी, तेथे तयार केलेला कलप किंचित लावून वाळू द्यावा, चोवीस तासांनी धुऊन पाहावे, दाह वा सूज दिसली नाही तरच तो डोक्याला लावावा, आणि प्रत्येक वेळी कलप लावण्यापूर्वी ही चाचणी पुन्हा करावी. ही सूचना उत्पादकाने सौजन्यापोटी छापलेली नसते. डांबरजन्य रंग असलेल्या कलपाच्या वेष्टनात ती इंग्रजी व स्थानिक भाषांत असलीच पाहिजे, असे भारतातील सौंदर्यप्रसाधनविषयक नियम सांगतात.

ही झाली घरगुती चाचणी. परंतु कलपातील असो, फरशी पुसण्याच्या द्रवातील असो, की पिकावर फवारायच्या औषधातील असो, कोणतेही रसायन ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच ते त्वचेला कितपत बाधेल, हे तपासले जाणे अपेक्षित असते. प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तर मात्र तेवढे सोपे नाही. कोणाच्या त्वचेवर पाहायचे? किती वेळ लावून ठेवायचे? किती लाली आली म्हणजे ‘बाधले’ म्हणायचे? आणि ती लाली सोसायची कोणी? गेल्या ऐंशी वर्षांत या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कधी ससा, कधी तुरुंगातील कैदी, कधी संमती देणारा स्वयंसेवक असे बदलत गेले. आज ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेपाशी येऊन ठेपले आहे.

क्षोभ, संक्षारण आणि ॲलर्जी

‘अंगावर उठले’, ‘कातडी सोलवटली’, ‘नुसती आग झाली’ असे शब्द आपण बोलताना सरमिसळ वापरतो. विषविज्ञानाला मात्र यांत तीन निरनिराळ्या घटना दिसतात.

पहिली घटना त्वचाक्षोभाची. रसायन लागल्यावर त्वचा लाल होते, सुजते, चुरचुरते; परंतु ही इजा भरून येते आणि काही दिवसांत त्वचा पूर्ववत होते. दुसरी घटना संक्षारणाची. येथे रसायन बाह्यत्वचा भेदून खालच्या अंतस्त्वचेपर्यंत पोहोचते, पेशी मरतात, व्रण पडतो आणि तो बरा झाला तरी वण राहतो. तीव्र गंधकाम्ल किंवा कॉस्टिक सोडा ही याची ठळक उदाहरणे होत. क्षोभ आणि संक्षारण यांतील सीमारेषा इजा परतवता येण्यासारखी आहे की नाही, या एका कसोटीवर आखली जाते.

तिसरी घटना ॲलर्जीची. तिची यंत्रणाच वेगळी असते. क्षोभक पदार्थ पुरेशा प्रमाणात व पुरेसा वेळ लागला तर जवळजवळ कोणाच्याही त्वचेला बाधतो. ॲलर्जी मात्र काहींनाच होते. कारण तिच्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या पदार्थाला ‘ओळखू’ लागते. पहिल्या संपर्कात बहुधा काहीच दिसत नाही. वारंवारच्या संपर्काने ही ओळख पक्की झाली, की नंतर अल्पसा स्पर्शही पुरतो. कलपाच्या खोक्यातील चाचणी ही मुख्यतः या तिसऱ्या घटनेचा अंदाज घेण्यासाठी असते.

गोव्यात आणि कोकणात या भेदाचे घरगुती उदाहरण काजूचे आहे. ओल्या काजूबिया सोलणारे हात तेल किंवा राख लावूनच कामाला बसतात. कारण टरफलातील चिकट तेलात ॲनाकार्डिक आम्ल, कार्डोल यांसारखी संयुगे असतात. हे तेल थेट लागले तर कोणाचीही कातडी पोळते आणि नंतर सोलवटते. याशिवाय काहींना त्याची ॲलर्जीही जडते, आणि मग नुसत्या थेंबानेही अंगभर पुरळ उठते. धोब्याच्या खुणेसाठी वापरला जाणारा बिब्बा याच वनस्पतिकुलातला आणि त्याच स्वभावाचा. एकच पदार्थ दोन वाटांनी बाधू शकतो, म्हणून या दोन वाटांच्या चाचण्याही वेगवेगळ्या कराव्या लागतात.

त्वचारोगतज्ज्ञ रुग्णाच्या पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी त्या काढतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा पाहतात. ही पट्टीचाचणी १८९५ मध्ये योझेफ याडासोन या जर्मन वैद्याने मांडली. तिच्यातून ‘या माणसाला कशाची ॲलर्जी आहे’ हे समजते. ‘हा पदार्थ सर्वसाधारणपणे त्वचेला क्षोभक आहे का’ हा या लेखाचा विषय असलेला प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.

पापण्यांचा रंग आणि नवा कायदा

या दुसऱ्या प्रश्नाला सरकारदरबारी महत्त्व आले ते एका दुर्घटनामालिकेमुळे. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत पापण्या काळ्या करण्यासाठी ‘लॅश लुअर’ नावाचा रंग विकला जात असे. त्यात पॅरा-फेनिलीनडायमीन हे रंगद्रव्य होते. १९३३ च्या सुमारास या रंगाने स्त्रियांच्या पापण्या व डोळ्यांना भयंकर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. काहींची दृष्टी गेली आणि एका स्त्रीचा मृत्यूही झाला. तरीही सरकारला हा रंग बाजारातून उठवता येईना; कारण १९०६ च्या तेथील खाद्य व औषध कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा उल्लेखच नव्हता.

१९३८ मध्ये नवा कायदा झाला आणि सौंदर्यप्रसाधने सरकारी देखरेखीखाली आली. डांबरजन्य कलपांना मात्र त्यात एक सवलत मिळाली : वेष्टनावर धोक्याची ठरावीक सूचना आणि सोबत पूर्वचाचणीची कृती छापली, तर ते विकता येतील. हा रंग पापण्यांना व भुवयांना लावू नये, अंधत्व येऊ शकते, हे वाक्यही त्या सूचनेत आले. भारतीय नियमांतील सूचनेचा मजकूर जवळजवळ तोच आहे. आपल्या घरी येणारा तो घडीचा कागद अशा रीतीने नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या दुर्घटनांशी जोडलेला आहे. पॅरा-फेनिलीनडायमीन आजही बहुसंख्य काळ्या कलपांत असते, आणि ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांतही ते आढळते.

सशाची पाठ

कायदा झाला, पण धोका मोजायचा कसा, हे ठरायचे होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील जॉन ड्रेझ यांनी जेफ्री वुडर्ड व हर्बर्ट कॅल्व्हरी यांच्यासह १९४४ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. डोळा आणि त्वचा या दोहोंसाठी असलेल्या या पद्धतीला पुढे ‘ड्रेझ चाचणी’ हेच नाव पडले.

पांढरा ससा निवडण्यामागे व्यावहारिक कारणे होती. तो शांत असतो, सांभाळायला सोपा असतो, त्याची पाठ पुरेशी रुंद असते आणि रंगद्रव्यहीन कातडीवर लाली चटकन दिसते. पाठीवरचे केस कापून अर्धा मिलिलिटर द्रव किंवा अर्धा ग्रॅम घन पदार्थ पट्टीखाली लावला जाई. मूळ पद्धतीत पट्टी २४ तास ठेवत आणि काही ठिकाणी त्वचा मुद्दाम खरवडून घेत. नंतर लाली आणि सूज यांना प्रत्येकी शून्य ते चार गुण देत. लाली मुळीच नसली तर शून्य, जेमतेम जाणवण्याइतकी असली तर एक, स्पष्ट दिसली तर दोन, बरीच वाढली तर तीन आणि बीटासारखी गडद होऊन खपली धरू लागली तर चार. सुजेचेही तसेच. कडा स्पष्ट उचलल्या गेल्या तर दोन, सूज एक मिलिमीटरच्या आसपास वर आली तर तीन, त्याहून उंच होऊन पट्टीच्या जागेबाहेर पसरली तर चार.

या गुणांकनाने प्रथमच ‘बाधते’ आणि ‘बाधत नाही’ यांच्या मध्ये पायऱ्या आखल्या. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, १९८१ मध्ये मार्गदर्शिका क्रमांक ४०४ म्हणून तिचे सुधारित रूप स्वीकारले. त्यात खरवडण्याची पद्धत गेली आणि संपर्काचा काळ २४ तासांवरून चार तासांवर आला. पट्टी काढल्यावर एक तास, २४, ४८ आणि ७२ तासांनी निरीक्षण करायचे आणि इजा भरून येते की नाही, हे चौदा दिवसांपर्यंत पाहायचे, असे ठरले. संयुक्त राष्ट्रांच्या रसायन-वर्गीकरण पद्धतीनुसार तीनपैकी किमान दोन सशांत लालीची किंवा सुजेची सरासरी २.३ किंवा अधिक आली, तर तो पदार्थ ‘क्षोभक’ ठरतो. संक्षारक पदार्थांचेही तीन पोटवर्ग आहेत. तीन मिनिटांच्या आत त्वचा जाळणारे, तासाभरात जाळणारे आणि चार तासांच्या आत जाळणारे. वाहतुकीतील पिंपावर कोणती खूण लावायची, कामगाराला कोणते हातमोजे द्यायचे, हे या आकड्यांवर अवलंबून राहू लागले.

साक्षीदार किती भरवशाचा?

या पद्धतीवर पहिला गंभीर आक्षेप दयेच्या अंगाने आला नाही, तो विज्ञानाच्या अंगाने आला. १९७१ मध्ये वाइल आणि स्काला या अमेरिकी संशोधकांनी एकच पदार्थ वीसहून अधिक प्रयोगशाळांत तपासून घेतले. काही पदार्थांच्या बाबतीत एका प्रयोगशाळेचे ‘निरुपद्रवी’ हे दुसरीचे ‘तीव्र क्षोभक’ निघाले. लाली ‘स्पष्ट’ आहे की ‘बरीच वाढलेली’, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून होते. त्यामुळे आकडा वस्तुनिष्ठ दिसला, तरी त्यामागे अंदाज होता.

दुसरा आक्षेप सशाच्या कातडीविषयी. ती माणसाच्या कातडीहून पातळ असते, तिच्यात केसांची मुळे दाट असतात आणि अनेक पदार्थ तिच्यातून अधिक सहजतेने आत शिरतात. म्हणजे ससा अनेकदा माणसापेक्षा अधिक तक्रार करतो. चेक प्रजासत्ताकातील दाग्मार यीरोवा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याबाबत बोलका आहे. सशांवरील चाचणीत क्षोभक ठरलेले सोळा पदार्थ त्यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर चार तासांच्या पट्टीखाली तपासले. त्यांपैकी केवळ पाचच माणसांना लक्षणीय बाधले.

सावधगिरीच्या बाजूने चूक झाली तर बिघडले काय, असे येथे वाटू शकेल. पण जेथे निम्म्याहून अधिक वस्तूंवर धोक्याची खूण असते, तेथे खुणेकडे पाहण्याची सवय सुटते आणि खरोखरच्या घातक पदार्थाची खूणही नजरेआड होते.

तिसरा आक्षेप नैतिक होता. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांसाठी तीन तत्त्वे मांडली होती : शक्य तेथे प्राण्याला पर्याय शोधावा, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि वेदना कमीत कमी होईल अशी पद्धत वापरावी. दोन दशके ही तत्त्वे बहुतांशी पुस्तकात राहिली. १९८० मध्ये हेन्री स्पायरा या कार्यकर्त्याने सशांच्या डोळ्यांवरील ड्रेझ चाचणीविरुद्ध अमेरिकी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन मोहीम उघडली, तेव्हा सौंदर्यप्रसाधन कंपन्यांनी पर्यायी पद्धतींच्या संशोधनाला निधी देण्यास आरंभ केला. मोहीम डोळ्याची होती, पण तिचा लाभ त्वचेच्या चाचणीलाही झाला.

माणसाच्या अंगावर

माणसाचे कळायचे तर माणसावरच पाहावे, हा विचार स्वाभाविक आहे. परंतु त्याचा इतिहास निर्मळ नाही. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्या देखरेखीखाली कैद्यांच्या त्वचेवर सौंदर्यप्रसाधनांपासून घातक रसायनांपर्यंत अनेक पदार्थ तपासले गेले. कैद्यांना त्यासाठी थोडे पैसे मिळत. बंदिवासातील माणसाच्या होकाराला संमती म्हणावे का, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. त्यांतील बहुसंख्य कैदी कृष्णवर्णीय होते. २०२२ मध्ये फिलाडेल्फियाच्या महापौरांनी शहराच्या वतीने या प्रयोगांबद्दल जाहीर माफी मागितली.

आजच्या मानवी चाचण्या लेखी संमती, नैतिक समितीची मान्यता आणि कधीही बाहेर पडण्याची मुभा यांच्या चौकटीत होतात. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या चार तासांच्या पट्टीचाचणीत सुमारे तीस स्वयंसेवकांच्या दंडावर पदार्थ लावतात. आरंभ १५ किंवा ३० मिनिटांपासून करतात आणि ज्याची त्वचा लाल होईल, त्याची चाचणी तेथेच थांबवतात. तुलनेसाठी शेजारी सोडियम डोडेसिल सल्फेटचे वीस टक्के द्रावण लावलेले असते. शाम्पू आणि दंतमंजनात फेसासाठी अल्प प्रमाणात वापरला जाणारा हाच पदार्थ. तपासायच्या वस्तूने त्याच्याइतक्याच लोकांना बाधा केली तर ती क्षोभक समजायची. संक्षारक असण्याची शंका असलेला पदार्थ मात्र माणसावर लावताच येत नाही. त्यामुळे ही चाचणी सशाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नव्हती.

भांड्यात वाढलेली त्वचा

ती जागा घेणारी गोष्ट आली भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांतून. १९७५ मध्ये जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी मानवी बाह्यत्वचेच्या पेशी शरीराबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वाढवण्याची पद्धत शोधली. अशा पेशींचे पापुद्रे भाजलेल्या जागेवर लावता येऊ लागले. जी त्वचा उपचारासाठी वाढवता येते, ती चाचणीसाठीही वाढवता येईल, हे पुढचे पाऊल होते.

शस्त्रक्रियेत कापून काढलेल्या आणि एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या त्वचेतून दात्याच्या संमतीने पेशी घेतात. त्या एका सच्छिद्र पटलावर पसरतात. खालून पोषक द्रव मिळतो आणि वरची बाजू हवेला उघडी ठेवतात. हवेचा स्पर्श होताच पेशी आपल्या शरीरातल्याप्रमाणेच वागू लागतात : थरांवर थर चढतात आणि सर्वांत वर मृत, कडक पेशींचा शृंगी थर तयार होतो. हाच थर रसायनांना अडवणारी आपली तटबंदी होय. सुमारे दोन आठवड्यांत नखाएवढी बाह्यत्वचा हाती येते. फ्रान्समधील ‘एपिस्किन’ आणि अमेरिकेतील ‘एपिडर्म’ ही अशी तयार प्रारूपे आहेत.

या त्वचेत रक्तवाहिन्या नसतात. म्हणून ती लाल होत नाही की सुजत नाही. मग क्षोभ मोजायचा कसा? त्यासाठी लालीच्या आधीची कडी पकडतात. क्षोभक पदार्थ शृंगी थर ओलांडून खालच्या जिवंत पेशींना इजा करतो. जखमी पेशी संदेशवाहक रेणू सोडतात. त्या संदेशांनी रक्तवाहिन्या रुंदावतात, तेव्हा लाली आणि सूज दिसते. म्हणजे किती पेशी मेल्या हे कळले, तर पुढचे ताडता येते.

एपिस्किनच्या पद्धतीत पदार्थ पंधरा मिनिटे लावून धुऊन काढतात आणि त्वचेचा तुकडा ४२ तास तसाच वाढू देतात. मग त्यावर एमटीटी नावाचा पिवळा क्षार घालतात. जिवंत पेशी या पिवळ्या क्षाराचे रूपांतर जांभळ्या रंगात करतात. मृत पेशींना ते जमत नाही. जांभळा रंग विरघळवून घेऊन त्याची गडदता यंत्राने मोजली की किती पेशी जगल्या, याचा आकडा मिळतो. केवळ पाण्यासारखा निरुपद्रवी द्रव लावलेल्या तुकड्याच्या तुलनेत निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जगल्या, तर पदार्थ क्षोभक. प्रत्येक पदार्थ किमान तीन तुकड्यांवर तपासतात, आणि शेजारी सोडियम डोडेसिल सल्फेट लावलेले तुकडे असतात. ते मेले नाहीत तर चाचणीच रद्द धरतात.

लाली ‘स्पष्ट’ की ‘बरीच’, हा वाद येथे उरत नाही. युरोपीय केंद्राने अनेक प्रयोगशाळांत पडताळून २००७ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली आणि ओईसीडीने २०१० मध्ये मार्गदर्शिका क्रमांक ४३९ म्हणून ती स्वीकारली. संक्षारणासाठीची तशीच मार्गदर्शिका, क्रमांक ४३१, २००४ मध्येच आली होती. यीरोवा यांच्या वर उल्लेखिलेल्या अभ्यासात वाढवलेल्या त्वचेचे निष्कर्ष माणसांच्या निष्कर्षांशी सशापेक्षा अधिक जुळले.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. वायुरूप पदार्थ तिच्यावर तपासता येत नाहीत. स्वतःच गडद रंगाचे किंवा एमटीटीला थेट जांभळे करणारे पदार्थ आकडा बिघडवतात. त्यांच्यासाठी वेगळे नियंत्रण-नमुने लागतात. सौम्य क्षोभक आणि निरुपद्रवी यांतला बारीक फरक ती सांगत नाही. ॲलर्जीबद्दल तर ती काहीच बोलत नाही. त्यासाठी २०१५ पासून ओईसीडीने प्राण्यांविना होणाऱ्या निराळ्या चाचण्यांची मालिका स्वीकारली आहे.

आजचा क्रम

आज एखादे रसायन तपासायचे तर थेट चाचणीला हात घालत नाहीत. आधी जुनी माहिती, कामगारांच्या नोंदी आणि रचनेने जवळच्या रसायनांचे गुणधर्म पाहतात. मग आम्ल-अल्कता मोजतात. पीएच दोन किंवा त्याहून कमी, अथवा साडेअकरा किंवा त्याहून अधिक असेल, तर पदार्थ संक्षारक असण्याची दाट शक्यता गृहीत धरतात. ओल्या सिमेंटचा पीएच बाराच्या वर असतो; गवंड्याच्या गमबुटात शिरलेले सिमेंट तासाभराने पाय का जाळते, याचे उत्तर या एका आकड्यात आहे. यानंतर वाढवलेल्या त्वचेवरील चाचण्या येतात. प्राण्यावरील चाचणी अगदी शेवटी आणि अन्य मार्ग नसेल तरच, असे ओईसीडीच्या मार्गदर्शिकेतच नमूद आहे.

भारतातील स्थिती

युरोपीय संघाने प्राण्यांवर तपासलेल्या सौंदर्यप्रसाधनांच्या विक्रीवरील बंदी मार्च २०१३ मध्ये पूर्ण केली. भारताने मे २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी नियमाने बंद केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून अशा प्रसाधनांची आयातही थांबवली. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांतही ही बंदी कायम आहे. तयार प्रसाधनांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ४०११ आहे. त्यात स्वयंसेवकांच्या त्वचेवर २४ तासांच्या पट्टीची तरतूद असून तिचे वाचन ड्रेझ यांच्याच गुणश्रेणीने केले जाते. ससा गेला, त्याच्यासाठी आखलेली पट्टी मात्र राहिली.

येथे एक अडचण लक्षात घेण्याजोगी आहे. ‘बीटासारखी लाली’ हे वर्णन पांढऱ्या कातडीवरून सुचलेले आहे. सावळ्या त्वचेवर आरंभीची लाली सहज दिसत नाही. ती जांभळट किंवा काळपट भासते आणि दाह ओसरल्यावर मागे काळा डाग राहतो. हे वाचन करणाऱ्याची नजर त्या त्वचेला सरावलेली असावी लागते.

दुसरी गोष्ट, ही बंदी केवळ सौंदर्यप्रसाधनांपुरती आहे. कीटकनाशके, औषधे आणि औद्योगिक रसायने यांचे नियम निराळे आहेत. हैदराबादच्या सीसीएमबीशी संलग्न केंद्रासारख्या ठिकाणी मानवी पेशींवर आधारित पद्धतींना चालना देण्याचे काम सुरू आहे. ते या इतर क्षेत्रांपर्यंत पोहोचणे महत्त्वाचे आहे.

चाचणीबाहेर राहिलेले हात

वाचकाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त प्रश्न हा, की वेष्टनावरून काय समजावे? कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण सर्वांच्या परिचयाचा आहे. तो त्रिकोण पोटात गेल्यास किंवा त्वचेतून भिनल्यास किती मात्रा प्राणघातक ठरेल, यावरून ठरतो. त्वचाक्षोभाशी त्याचा संबंध नाही. हिरवा त्रिकोण असलेले औषधही हात पोळवू शकते. म्हणून हातमोजे रंग पाहून काढू नयेत. ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ या शब्दांमागे कोणती चाचणी होती, ती किती जणांवर, किती वेळ केली, हे वेष्टनावरून कळत नाही. याउलट हातावर आणि धातूवर ठिबकणाऱ्या द्रवाचे चित्र दिसले तर पदार्थ संक्षारक आहे, हे निश्चित समजावे. उद्गारचिन्ह असेल तर इतर काही धोक्यांबरोबर त्वचाक्षोभाची शक्यता त्यात येते.

या सर्व चाचण्यांत एक गोष्ट समान आहे. पदार्थ एकदाच लावतात. पंधरा मिनिटे, चार तास किंवा एक दिवस. खऱ्या आयुष्यात धुणीभांडी करणाऱ्या बाईचे हात दिवसातून अनेक वेळा, वर्षानुवर्षे साबणाच्या पाण्यात असतात. भांड्यांचा साबण चाचणीत ‘क्षोभक नाही’ असे ठरला, तरी रोजच्या ओलाव्याने शृंगी थरातील स्निग्धांश धुपत जातो, भेगा पडतात आणि मग साधे पाणीही झोंबते. केशकर्तनालयातील कारागीर, रुग्णालयातील परिचारिका, मासे साफ करणाऱ्या स्त्रिया यांचे हेच दुखणे आहे. एका संपर्काच्या चाचणीत ते सापडत नाही. त्यावर उपाय चाचणीचा नाही, कामाच्या पद्धतीचा आहे : आतून सुती अस्तर असलेले हातमोजे, काम संपल्यावर हात कोरडे करून खोबरेल किंवा साधे मलम, आणि भेगा पडल्या असताना ओल्या कामातून काही दिवस सुट्टी. तीव्र रसायन अंगावर सांडले तर मलमाच्या शोधात वेळ न घालवता वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धुणे हा पहिला उपचार होय; कोरडा चुना वा सिमेंट असेल तर आधी झटकून मग पाणी घ्यावे.

कलपाच्या त्या कागदातील ‘प्रत्येक वेळी’ ही सूचना अनेकांना जाचक वाटते. दहा वर्षे तोच कलप लावत असताना पुन्हा कशाला पाहायचे, असा त्यांचा प्रश्न असतो. ॲलर्जी पहिल्या वापराला दिसत नाही. ती अकराव्या वर्षी, विसाव्या डब्याला, पूर्वी कधीही न बाधलेल्या पदार्थाचीही जडू शकते. प्रयोगशाळेने तो पदार्थ सर्वसामान्य त्वचेवर कसा वागतो, एवढेच पाहिलेले असते. आपल्या त्वचेवर आज तो कसा वागेल, हे कानामागे लावलेल्या थेंबाशिवाय आणि चोवीस तासांच्या प्रतीक्षेशिवाय घरच्या घरी कळण्याचा दुसरा मार्ग नाही.